विश्लेषण : गरिबांना मदत हवी, पण ‘वेल्फेअर’ नको! अमेरिकी मतदार असा विचार का करतो?

अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने सरकारी अन्नसाह्य मिळवण्यासाठीची कामाची अट ६४ वर्षे वयापर्यंतच्या धडधाकट नागरिकांना लागू केली. ‘मेडिकेड’ या आरोग्य योजनेतील अनेक लाभार्थ्यांनाही २०२७ पासून महिन्याला ८० तासांचे काम दाखवावे लागणार आहे. ‘काम न करता सरकारी मदतीवर जगणारे’ हा या अटींमागचा युक्तिवाद मात्र नवा नाही. तो मतदारांच्या मनात इतका खोल कसा रुजला, याचा शोध राज्यशास्त्राचे अभ्यासक मार्टिन गिलेन्स यांनी १९९०च्या दशकात घेतला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘व्हाय अमेरिकन्स हेट वेल्फेअर’ हे पुस्तक आजही या विषयावरील चर्चेचा आधार मानले जाते.

‘वेल्फेअर’ म्हणजे नेमके काय?

आपण ‘कल्याणकारी राज्य’ म्हणतो, तेवढा व्यापक अर्थ अमेरिकी बोलीत या शब्दाला नाही. तिथे ‘वेल्फेअर’ म्हणजे मुख्यतः काम करू शकणाऱ्या वयातील गरिबांना मिळणारी रोख मदत. वृद्धांचे निवृत्तिवेतन आणि गरीब कुटुंबांतील मुलांसाठीची मदत या दोन्ही योजना १९३५च्या एकाच कायद्यातून आल्या. पहिलीला हात लावायला आजही कोणताही पक्ष धजावत नाही. दुसरी मात्र पुढे ‘वेल्फेअर’ म्हणून बदनाम झाली आणि १९९६ मध्ये बंद पडली.

शब्द बदलला की मत का बदलते?

‘जनरल सोशल सर्व्हे’ या नामांकित पाहणीत १९८०च्या दशकात एक साधा प्रयोग झाला. सरकार ‘वेल्फेअर’वर फार कमी खर्च करते का, असे काहींना विचारले. इतरांना तोच प्रश्न ‘गरिबांना मदत’ असे शब्द वापरून विचारला. पहिल्या गटात ‘होय’ म्हणणारे जेमतेम पाव हिस्सा होते, दुसऱ्या गटात ६० टक्क्यांहून अधिक!

मतदारांच्या विचारसरणीतील ही दुफळी त्याआधीही दिसली होती. लॉइड फ्री आणि हॅडली कॅंट्रिल यांनी १९६७ मध्येच नोंदवले होते, की अनेक अमेरिकी नागरिक तत्त्वाच्या गप्पांत सरकारी हस्तक्षेपाचे विरोधक असतात. प्रत्यक्ष योजनांची नावे घेतली, की त्यांना त्या हव्या असतात. गिलेन्स यांचा प्रश्न इथून सुरू होतो. शिक्षण, आरोग्य आणि वृद्धांवरील खर्चाला पाठिंबा देणारा मतदार ‘स्वावलंबना’चे तत्त्व फक्त ‘वेल्फेअर’लाच का लावतो?

छायाचित्रांचा संबंध काय?

गिलेन्स यांनी टाइम, न्यूजवीक आणि यूएस न्यूज या साप्ताहिकांतील गरिबीविषयक छायाचित्रे मोजली. १९८८ ते १९९२ या काळात छायाचित्रांतील गरिबांपैकी ६२ टक्के कृष्णवर्णीय होते. देशातील गरिबांमध्ये त्यांचे प्रत्यक्ष प्रमाण होते २९ टक्के. सामान्य नागरिकांना अंदाज विचारला, तेव्हा उत्तर साधारण ५० टक्के आले. काम करण्याच्या वयातील निम्म्याहून अधिक गरीब प्रत्यक्षात कुठे ना कुठे काम करत होते. छायाचित्रांत असे जेमतेम १५ टक्के दिसले.

हे चित्र कायम असेच नव्हते. १९६४ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ‘गरिबीविरुद्ध युद्ध’ पुकारले, तेव्हा ते केंटकीतील डोंगराळ भागातल्या गौरवर्णीय गरिबांच्या दारात गेले होते. त्या वर्षी छायाचित्रांतील गरिबांत कृष्णवर्णीय २७ टक्के होते. पुढे शहरांत दंगली उसळल्या, या योजनांवर टीका वाढली आणि १९६७ मध्ये हे प्रमाण ७२ टक्क्यांवर गेले. १९८२-८३च्या मंदीत ते पुन्हा ३३ टक्क्यांवर आले. वार्तांकन सहानुभूतीचे असेल तेव्हा गरीब गौरवर्णीय आणि टीकेचे असेल तेव्हा कृष्णवर्णीय, असा हा कल होता.

मनातले मत कसे मोजले?

‘तुम्ही वर्णद्वेषी आहात का’ असे थेट विचारले तर खरे उत्तर मिळणे कठीण. म्हणून १९९१च्या एका पाहणीत गौरवर्णीय नागरिकांना एका काल्पनिक महिलेची माहिती दिली गेली. वय तिशीच्या सुरुवातीचे, दहा वर्षांचे मूल, वर्षभर वेल्फेअरवर. निम्म्यांना ती कृष्णवर्णीय असल्याचे सांगितले, निम्म्यांना गौरवर्णीय. बाकी तपशील तंतोतंत सारखे. ती नोकरीसाठी मनापासून प्रयत्न करेल का, जास्त पैशांसाठी आणखी मूल होऊ देईल का, असे विचारले.

दोघींना मिळालेली सरासरी मते जवळपास सारखीच निघाली. फरक पुढच्या टप्प्यात दिसला. गौरवर्णीय महिलेबद्दल वाईट मत असले, तरी त्याचा वेल्फेअरच्या विरोधाशी फारसा संबंध दिसला नाही. कृष्णवर्णीय महिलेबद्दलचे वाईट मत मात्र त्या विरोधाशी घट्ट जोडलेले होते. म्हणजे धोरणाविषयी मत बनवताना अनेकांच्या डोळ्यांसमोर नकळत एकाच वर्णाची लाभार्थी उभी राहत होती.

मग सगळेच विरोधक वर्णद्वेषी का?

गिलेन्स तसे म्हणत नाहीत. मदत ‘लायक’ गरिबाला मिळावी, हीच बहुतेकांची भूमिका असल्याचे ते सांगतात. कृष्णवर्णीय आळशी असतात, हा जुना समज त्या लायकीच्या हिशेबात शिरतो, एवढाच त्यांचा मुद्दा आहे. पॉल स्नायडरमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी या दिशेच्या मांडणीवर आक्षेप घेतले आहेत. मर्यादित सरकार हे अनेकांचे प्रामाणिक तत्त्व असते आणि प्रत्येक विरोधात वर्ण शोधणे योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे.

धोरणावर परिणाम काय झाला?

रोनाल्ड रेगन यांनी १९७६च्या प्रचारात सरकारी मदत लुबाडणाऱ्या महिलेची गोष्ट सभांतून सांगितली. त्यातूनच ‘वेल्फेअर क्वीन’ हा शब्द राजकारणात रुळला. वर्णाचा उल्लेख न करताही श्रोत्यांना रोख कळत असे. वीस वर्षांनी डेमोक्रॅटिक अध्यक्ष बिल क्लिंटन यांनीच जुनी योजना बंद केली. नव्या योजनेत केंद्राच्या निधीतून मिळणाऱ्या मदतीला आयुष्यभरात पाच वर्षांची मर्यादा आली आणि नियम ठरवण्याचे बरेच अधिकार राज्यांकडे गेले. जो सॉस, रिचर्ड फोर्डिंग आणि सॅनफोर्ड श्रॅम यांच्या अभ्यासानुसार, जिथे लाभार्थ्यांत कृष्णवर्णीय अधिक, त्या राज्यांनी नियम अधिक कडक केले.

१९९६ मध्ये मुले असलेल्या दर १०० गरीब कुटुंबांपैकी ६८ कुटुंबांना रोख मदत मिळत होती. २०२० पर्यंत हा आकडा २१ वर आला. त्यात सर्व वर्णांची कुटुंबे आहेत. आता कडक झालेल्या अन्नसाह्य योजनेतही लाभार्थ्यांचा सर्वांत मोठा गट गौरवर्णीयांचाच आहे.