मारबत आणि संस्कृतीची व्याख्या

समाजशास्त्राच्या तासाला 'संस्कृती म्हणजे काय?' असा प्रश्न विचारला, की ठरावीक उत्तरे येतात: अजिंठ्याची लेणी, शास्त्रीय संगीत, वेदवाङ्मय. आपल्या घरातली वा मोहल्ल्यातली एकही गोष्ट त्यांत नसते. वास्तविक टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाची १८७१ मधील व्याख्या सर्वांना पाठ असते. समाजाचा घटक म्हणून माणूस जे ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी व सवयी आत्मसात करतो, त्या सर्वांचा समुच्चय म्हणजे संस्कृती, असे तो म्हणतो. या व्याख्येत आपला मोहल्लाही बसतो, हे मात्र ध्यानात येत नाही. मग विणकराचा मुलगा असे धरून चालतो, की संस्कृती ही दुसऱ्या कोणाकडे तरी असते.

याकरिता पोळ्याचा दुसरा दिवस अभ्यासाला घ्यावा. सकाळी इतवारी-महाल भागात काळी आणि पिवळी मारबत निघते. ही मिरवणूक १८८० च्या दशकापासून चालत आली आहे. बांबूच्या कामट्या व कागद यांचा पुतळा ही झाली भौतिक संस्कृती. रोगराई व इडापिडा त्याच्याबरोबर शिवेबाहेर जाते, ही श्रद्धा अभौतिक. सोबतचे बडगे पाहावेत. त्यांत महागाई असते, भ्रष्टाचार असतो, त्या वर्षी लोकांच्या रोषास पात्र झालेला कोणीही असतो. जुन्या चौकटीत दरवर्षी नवा आशय भरला जातो! परंपरा आणि परिवर्तन यांवर दोन वेगळी प्रकरणे लिहिणाऱ्या ग्रंथकारांनी एकदा इतवारीत येऊन उभे राहावे.

काळी मारबत म्हणजे इंग्रजांशी हातमिळवणी करणारी भोसल्यांची राणी बाकाबाई, असे लोक सांगतात. ते खरे की खोटे, हे इतिहासाचे अभ्यासक पाहतील. दोषाचे खापर एका स्त्रीच्याच माथी का फुटले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या का टिकले, हा आपला प्रश्न.

त्याच दिवशी तान्हा पोळा असतो. ज्यांच्या घरी गोठा नाही अशी मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात व बोजारा मिळवतात. शेती सुटली, तरी शेतकऱ्याचा सण शहरात टिकतो तो असा. बैलाला ओवाळणे, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणे, हे मुलांना कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. 'सामाजीकरण' या जड शब्दाचा अर्थ एवढाच.

तथापि 'आपली संस्कृती' असे एकवचनी बोलताना जरा थांबावे. विजयादशमीला या शहरातील काही घरे आपट्याची पाने वाटतात, तर लाखो लोक दीक्षाभूमीकडे चालू लागतात. कारण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्याच दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. रूढी वारशाने मिळते हे खरे. पण ती विचारपूर्वक टाकता येते आणि नवी स्वीकारता येते, हेही याच शहरात घडले. दोन्ही घरांतली मुले आपल्या वर्गात एकाच बाकावर बसतात. दसऱ्याला तुमच्या घरी काय होते, एवढे त्यांना विचारले, तरी तासाची घंटा अपुरी पडते.