टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या जून बेकन-बर्सी



"हवामान खात्याने पाऊस सांगितलाय ना, मग छत्री घरीच ठेवा!" हा विनोद आपल्याकडे दर पावसाळ्यात फिरतो. बातम्या संपत आल्या की नकाशासमोर उभं राहून कुणीतरी दोन मिनिटांत उद्याचं हवामान सांगतं आणि आपण तेवढ्यात ताटं घ्यायला उठतो. पण त्या दोन मिनिटांमागे किती विज्ञान आणि गणित असतं, हे मुलांना सांगायचं असेल तर एका बाईंची माहिती फार उपयोगी पडते. त्यांचं नाव जून बेकन-बर्सी. अमेरिकेत टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला हवामानशास्त्रज्ञ म्हणून त्या ओळखल्या जातात.

त्यांच्या आयुष्यात आपल्यासारख्या शिक्षकांचा मोठा वाटा आहे. एका शिक्षकाच्या शब्दाने त्या पुढे गेल्या, तर दुसऱ्याचा सल्ला त्यांनी ऐकला नाही म्हणून पुढे गेल्या. म्हणूनच ही माहिती इथे लिहीत आहे.

बालपण आणि शाळा

जून यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२८ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात विचिटा या शहरात झाला. तेव्हा अमेरिकेत वर्णभेद उघडपणे चालत असे. अनेक ठिकाणी गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळासुद्धा वेगळ्या होत्या.

जून शाळेत हुशार होत्या. भौतिकशास्त्राच्या तासाला त्यांनी पाणी आणि तरंगणाऱ्या वस्तू यांवर एक प्रयोग केला. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात प्लावक बल येतं ना, तोच विषय. प्रयोग बघून शिक्षकांच्या लक्षात आलं की या मुलीला द्रव, वायू, त्यांची हालचाल हे चांगलं कळतंय. त्यांनी तिला हवामानशास्त्राकडे जाण्याचा सल्ला दिला. आता हा सल्ला साधा वाटतो, पण १९४० च्या दशकात एका कृष्णवर्णीय मुलीला "तू हवामानशास्त्रज्ञ हो" असं सांगणारे किती जण असतील?

१९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले, तेव्हा जून सोळा वर्षांच्या होत्या. स्फोटानंतर उठलेला तो प्रचंड ढग हवेत कसा पसरतो, त्यातले कण कुठे जातात, हे प्रश्न त्यांना पडले. पुढे अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाची सल्लागार म्हणूनही त्यांनी काम केलं. शाळेच्या वयात पडलेला प्रश्न माणसाला किती लांब घेऊन जातो बघा.

"गृहविज्ञान घे"

विचिटातल्या महाविद्यालयात गणित शिकून जून लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेल्या, कारण तिथे हवामानशास्त्राची पदवी मिळत होती. तिथल्या त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी मात्र त्यांना सुचवलं की, हवामानशास्त्रापेक्षा गृहविज्ञान घे. जून यांनी पुढे स्वतःच सांगितलं आहे की, ते गृहस्थ स्वभावाने चांगले होते. ही गोष्ट आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलीची वाट अडवणारा माणूस दरवेळी दुष्ट असतो असं नाही. बऱ्याचदा तो तिच्या काळजीपोटीच बोलत असतो.

जून यांनी दोन्ही विषयांची परीक्षा दिली. ऊष्मागतिकीत त्यांना 'ए' श्रेणी मिळाली आणि गृहविज्ञानात 'बी'! आपला निर्णय बरोबर आहे याची त्यांना खात्री पटली. १९५४ साली त्यांनी हवामानशास्त्राची पदवी घेतली. योगायोग असा की, गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध निकालही १९५४ चाच, आणि तो ज्या खटल्यात लागला तो जून यांच्याच कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरातला.

ऊष्मागतिकी आणि हवामानाचा काय संबंध?

नाव अवघड असलं तरी कल्पना मुलांना सहज समजते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. हवा दाबली की तापते आणि पसरू दिली की थंड होते. आकाशातही हेच चालतं. जिथे हवेचा दाब कमी असतो तिथे हवा वर चढते, पसरते, थंड होते, तिच्यातल्या वाफेचे थेंब बनतात आणि ढग तयार होतात. जिथे दाब जास्त असतो तिथे हवा वरून खाली येते, दाबली जाते आणि तापते. मग ढग धरत नाहीत, ऊन कडक पडतं. अशी स्थिती उन्हाळ्यात काही दिवस एकाच भागावर टिकली की उष्णतेची लाट येऊ शकते.

अंदाज सांगणारा माणूस ठिकठिकाणच्या केंद्रांवरून आलेले तापमान, दाब, वारा आणि आर्द्रता यांचे आकडे नकाशावर मांडतो. सारख्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या समदाब रेषा आपण भूगोलात शिकवतोच. आज दाबाचा हा पट्टा इथे आहे, तर उद्या कुठे सरकेल, हे गणिताने काढायचं. जून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवामान केंद्रात हेच काम करत. त्या काळात संगणकावर ही गणितं सोडवायला नुकतीच सुरुवात झाली होती.

बँकेवरचा दरोडा आणि टीव्हीवरची नोकरी

१९७० च्या सुमारास जून न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात डब्ल्यूजीआर या टीव्ही केंद्रावर विज्ञान वार्ताहर म्हणून आल्या. हवामान सांगण्याची त्यांना इच्छा नव्हती. त्याला कारण होतं. तेव्हा अमेरिकेतल्या अनेक वाहिन्या हवामानासाठी दिसायला छान अशा तरुणी नेमत. त्यांना 'वेदर गर्ल' म्हणत. विज्ञान शिकलेलं असण्याची अट नसे, प्रेक्षकांची करमणूक झाली की पुरे. पदवी घेतलेल्या जून यांना त्या रांगेत उभं राहायचं नव्हतं.

आणि मग एक दिवस अजब प्रकार घडला. केंद्रावर हवामान सांगणाऱ्या सहकाऱ्याला बँकेवर दरोडा टाकल्याच्या आरोपावरून अटक झाली! बातम्यांची वेळ तर जवळ आलेली. हवामान सांगणार कोण? जून तिथेच होत्या, त्यांना उभं केलं गेलं. त्यांनी स्वतः केलेल्या गणितावरून उष्णतेची लाट येणार हे त्यांना आधीच दिसत होतं. त्यांनी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी खरोखरच लाट आली आणि नोकरी त्यांची झाली. लवकरच त्या केंद्राच्या मुख्य हवामानशास्त्रज्ञ बनल्या.

बफेलो हे हवामान सांगणाऱ्याची परीक्षा घेणारं गाव आहे. ते ईरी सरोवराच्या काठावर आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवराचं पाणी अजून कोमट असतं आणि त्यावरून अतिशय थंड वारा वाहतो. हा वारा पाण्यावरून वाफ उचलतो आणि काठावर येऊन बर्फाच्या रूपाने टाकतो. वाऱ्याची दिशा जराशी बदलली की एका भागात बर्फाचे ढीग आणि काही मैलांवर कोरडं. अशा ठिकाणी गोड बोलून भागत नाही, अभ्यासच लागतो.

१९७२ मध्ये अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेने जून यांना टीव्हीवरील उत्कृष्ट हवामान सादरीकरणासाठी आपली मान्यतेची मोहर दिली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला आणि पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती.

जिंकलेले पैसे कुठे गेले?

जून यांना दोन मुली होत्या. घर, नोकरी आणि शिक्षण अशी कसरत त्यांनी अनेक वर्षं केली. १९७९ मध्ये, म्हणजे वयाच्या पन्नाशीत, त्यांनी लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवीही घेतली.

त्याआधी १९७७ मध्ये त्या टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजुषेत उतरल्या. आपल्या 'कौन बनेगा करोडपती'सारखाच पैशांचा खेळ, फक्त त्यात स्पर्धक आपला विषय घेऊन बसत. जून यांनी हवामान घेतलं नाही. त्यांचा विषय होता जॉन फिलिप सूसा या संगीतकाराच्या बँडवर वाजणाऱ्या संचलनाच्या धून! त्यात त्यांनी ६४,००० डॉलर जिंकले. त्या पैशांतून त्यांनी अमेरिकन जिओफिजिकल युनियन या संस्थेमार्फत वातावरणविज्ञान शिकणाऱ्या मुलींसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. ज्या वाटेवर आपल्याला "तू नको येऊ" असं सांगितलं गेलं, त्याच वाटेवर दुसऱ्या मुलींच्या फीची सोय त्यांनी केली.

शेवटी शिक्षिका

पुढे सरकारी हवामान सेवेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. निवृत्तीनंतर त्या शाळेत गेल्या. नियमित शिक्षक रजेवर असले की त्यांच्या जागी गणित आणि विज्ञान शिकवू लागल्या. एवढं नाव मिळवलेली बाई एका दिवसासाठी दुसऱ्याच्या वर्गावर तास घ्यायला जाते, हे वाचून शिक्षक म्हणून फार बरं वाटतं.

३ जुलै २०१९ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. आज अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेचा टीव्हीवरच्या हवामानशास्त्रज्ञांसाठीचा पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.

वर्गात काय करता येईल?

१. अंदाज वही : मुलांनी रोज संध्याकाळचा अंदाज लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष काय झालं ते शेजारी लिहायचं. महिन्याच्या शेवटी किती बरोबर, किती चूक याचं शेकडा प्रमाण काढायचं. विनोद किती खरा आहे, ते मुलंच सांगतील.

२. शब्दांचा अर्थ : भारतीय हवामान विभाग 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणतो, तेव्हा त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के. आपल्या गावात पडला नाही म्हणजे अंदाज चुकला असं नाही, हे मुलांना यातून कळतं.

३. दोन मिनिटं कॅमेऱ्यासमोर : भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावून प्रत्येकाने एकदा हवामान सांगायचं. एकच नियम ठेवावा, "उद्या पाऊस येईल" एवढं म्हणून चालणार नाही, "का येईल" तेही सांगायचं.

पालकांना एक विनंती. निकालपत्रक हातात आलं की मुलीला कुठल्या विषयात जास्त गुण आहेत ते आधी बघा, आणि तिला कोणता विषय शोभेल हे त्यानंतर बोला. जून यांच्या निकालपत्रकावर उत्तर लिहिलेलंच होतं. ते वाचायला कुणीतरी हवं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच वाचलं.

उपक्रम करून पाहिलात तर अनुभव जरूर कळवा.