चित्र उचलले, वाक्य राहिले!

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. रोज सकाळी त्याच्या गटाची पंधरा मिनिटांची सभा भरते, तीही उभ्याने! काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले, एवढेच बोलायचे. दर दोन आठवड्यांनी थोडेसे काम पुरे करून गिऱ्हाइकाला दाखवायचे.

मला हा पोरखेळ वाटला. "आधी सगळा आराखडा, मग काम, शेवटी तपासणी, यात काय वाईट होते रे?"

"मामा, तुम्हीच वाचा," म्हणून त्याने विन्स्टन रॉइस यांचा १९७० सालचा निबंध पुढे टाकला. माझ्या लाडक्या रीतीचे पायऱ्यापायऱ्यांचे चित्र त्यात आहे खरे. पण रॉइस लगेच बजावतात की, ती धोक्याची आहे. मोठे दोष अगदी शेवटी, तपासणीतच उघडे पडतात. लोकांनी चित्र उचलले, वाक्य तिथेच राहिले! थोडेथोडे करून दाखविण्याच्या रीतींना 'ॲजाइल' हे नाव १७ जणांनी दिले ते २००१ साली, अमेरिकेतील स्नोबर्ड येथे.

मी मात्र ओशाळलो. मुलांना काय समजले नाही, हे मला वर्षाअखेर पेपर तपासतानाच कळते! यंदा दर शनिवारी दहा ओळी लिहून घेऊ लागलो. उपमा आणि रूपक यांतला भेद मी तीन तास घोटला होता. पहिल्याच शनिवारी दिसले, निम्म्या वर्गाला तो उमगलाच नव्हता.