इजिप्तच्या वाळूतलं गुजरातचं कापड : संग्रहालयातला इंटर्न नेमकं काय शोधतो?

वडोदरा : जुनं कापड म्हटलं की आपल्या घरांत त्याच्या दोन वाटा ठरलेल्या. साधे कपडे बोहारणीला आणि जरीची साडी सराफाला. बोहारीण कपड्यांवर भांडं देते, सराफ जर गाळून चांदीचे पैसे देतो. हिशेब तिथेच मिटतो. म्हणून एखादी मुलगी एम.ए. करता करता म्हणाली की, "मला संग्रहालयात इंटर्नशिप मिळालीय, मध्ययुगातल्या कापडाच्या तुकड्यांवर काम आहे," तर घरातला पहिला प्रश्न असतो : चिंध्यांवर कसलं संशोधन? आणि त्यातून मिळणार काय?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला एक खरं उदाहरण घेऊ. ते आहे इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचं, पण त्याचं मूळ आपल्या शेजारी, गुजरातमध्येच आहे.

बाराशे तुकड्यांची गोष्ट

ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे बाराशेहून अधिक तुकडे आहेत. बरेचसे तळहाताएवढे, काही थोडे मोठे. निळे, लाल, तपकिरी. हे सगळे मिळाले इजिप्तमध्ये. पर्सी न्यूबेरी नावाच्या इजिप्त-अभ्यासकाने ते जमवले. तुतनखामेनच्या कबरीतल्या फुलांच्या माळांचा अभ्यास करणारे ते हेच. 1946 मध्ये त्यांनी हा संग्रह संग्रहालयाला दिला.

तुकडे इजिप्तमध्ये मिळाले खरे, पण ते तिथले नाहीत. 1938 मध्ये फिस्टर नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने अशाच तुकड्यांवर पुस्तक लिहून दाखवलं होतं की हे कापड भारतातलं, मुख्यतः गुजरातकडचं आहे. न्यूबेरी संग्रहाची संपूर्ण सूची मात्र रूथ बार्न्स यांनी केली आणि ती 1997 मध्ये छापून आली. म्हणजे देणगी आणि सूची यांच्यात 51 वर्षं गेली. मधल्या काळात माल गोदामात होता, पण स्टॉक रजिस्टर पूर्ण नव्हतं, असं आपल्या भाषेत म्हणता येईल.

तिथे टिकलं, इथे का नाही?

सुती कापडाचे शत्रू म्हणजे ओल, बुरशी आणि कसर. आपल्याकडे दर वर्षी चार महिने पाऊस. त्यामुळे ज्या गुजरातमध्ये हे कापड छापलं गेलं, तिथे त्या काळचं जवळपास काहीच उरलं नाही. इजिप्तमध्ये पाऊस नावालाच. जुन्या कैरोच्या फुस्तात भागात लोकांनी टाकून दिलेल्या चिंध्या कोरड्या मातीत शतकानुशतकं तशाच राहिल्या. आपल्या रंगाऱ्यांचा पुरावा असा परक्या देशाच्या उकिरड्यात जपला गेला.

इंटर्नच्या टेबलावर

अशा संग्रहात काम करणाऱ्या इंटर्नची सुरुवात फार साधी असते. हात धुवायचे, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, पेन बाजूला ठेवायचं. शाईचा डाग पडला तर निघत नाही, म्हणून नोंद फक्त पेन्सिलीने. तुकडा बोटांनी उचलायचा नाही, तो ज्या कागदी पाटीवर ठेवलाय त्या पाटीसकट हलवायचा. दिवा मंद, कारण प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही.

मग भिंग घेऊन एकेक प्रश्न विचारायचा.

पहिला प्रश्न धाग्याचा. धागा उभा धरला की पिळाच्या रेषा कुठे झुकतात ते बघायचं. झेड अक्षराच्या मधल्या रेघेसारख्या, की एस अक्षराच्या? भारतातलं सूत साधारणपणे झेड पिळाचं असतं. इजिप्तमध्ये अळशीच्या खोडापासून लिननचं सूत काढायची जुनी परंपरा आहे, आणि ते एस पिळाचं. एवढ्याशा खुणेवरून सूत कुठल्या हाताने कातलं असावं याचा अंदाज येतो. त्यानंतर एका सेंटिमीटरमध्ये उभे धागे किती, आडवे किती, हे मोजायचं. कंटाळवाणं काम आहे, पण कापड जाडंभरडं होतं की तलम, हे त्यातूनच कळतं.

दुसरा प्रश्न रंगाचा. निळ्या जमिनीवर पांढरी नक्षी असेल, तर पांढऱ्या जागी आधी मेण किंवा तसला लगदा ठशाने लावून मग कापड निळीच्या पिंपात बुडवलेलं असतं. लगदा होता तिथे नीळ चढत नाही. लाल रंगाची रीत उलटी. जिथे लाल हवा तिथे आधी तुरटी लावायची आणि मग कापड मुळांच्या रंगात उकळायचं. तुरटी रंग धरून ठेवते, बाकीचा धुऊन जातो. तुरटीऐवजी लोखंडाचं पाणी लावलं तर तिथे काळा येतो. कोणता रंग आधी आणि कोणता नंतर, हे इंटर्नला कडांवरून आणि मागच्या बाजूवरून ओळखावं लागतं.

तिसरा प्रश्न ठशाचा. नक्षी किती अंतराने परत येते, जोड कुठे चुकलाय, ठसा कुठे तिरका बसलाय. चूक सापडली की उलट आनंद होतो, कारण तिथे कारागिराचा हात दिसतो.

चौथा प्रश्न शिवणीचा. काही तुकड्यांना दुमड आहे, टाके आहेत, ठिगळ आहे. म्हणजे हे कापड नुसतं प्रतिष्ठेसाठी ठेवलेलं नव्हतं. कुणीतरी ते वापरलं, फाटल्यावर शिवलं आणि अगदीच चिंधी झाल्यावर टाकलं. राजाच्या खजिन्यातली वस्तू सहसा ठिगळ लावून वापरत नाहीत. सामान्य माणसाच्या बाजारहाटाचा हा पुरावा आहे.

वय कसं ठरतं?

कापूस झाडावर येतो, हवेतला कार्बन घेतो. झाडाशी संबंध तुटला की त्यातल्या एका प्रकारच्या कार्बनचं प्रमाण ठरावीक गतीने कमी होत जातं. उरलेलं मोजून वय काढता येतं, पण उत्तर नेमकं साल नसतं, काही दशकांचा पट्टा असतो. न्यूबेरी संग्रहातल्या निवडक तुकड्यांची अशी चाचणी झाली, तेव्हा काही तुकडे दहाव्या शतकाच्या आसपासचे निघाले. म्हणजे पोर्तुगीज गोव्यात यायच्या कितीतरी आधीपासून गुजरातचं छापील कापड तांबड्या समुद्राच्या वाटेने जात होतं.

याच जातीचं कापड पूर्वेला इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरही मिळालं. तिथल्या तोराजा लोकांनी ते पवित्र ठेवा म्हणून पिढ्यानपिढ्या सांभाळलं. त्यातल्या एका कापडाचं वय चाचणीत चौदाव्या शतकातलं निघालं. एकाच मुलखातला माल, एका गिऱ्हाइकाने वापरून फेकला, दुसऱ्याने देवासारखा जपला.

जे लिहिलं गेलं नाही, ते गेलं

या संग्रहाची एक कायमची उणीव आहे. न्यूबेरींनी बरेच तुकडे कैरोच्या व्यापाऱ्यांकडून विकत घेतले. त्यामुळे कोणता तुकडा नेमका कुठे, किती खोल, कशाशेजारी सापडला, ही माहिती गेली. याउलट तांबड्या समुद्राकाठच्या कुसेर अल-कदीम या जुन्या बंदरात रीतसर उत्खनन झालं. तिथे मिळालेल्या भारतीय कापडाची जागा नोंदलेली आहे, म्हणून त्या चिंध्यांचं वजन अभ्यासात जास्त.

आणखी एक गंमत बघा. फुस्तातच्याच बेन एझ्रा या ज्यू प्रार्थनास्थळात जुन्या कागदांचा मोठा साठा मिळाला. त्यात भारताशी व्यापार करणाऱ्यांची पत्रं आणि हिशेब आहेत, कापडांची नावंही आहेत. हा साठा आता बराचसा केंब्रिजमध्ये आहे. एकीकडे नावं आहेत पण कापड नाही, दुसरीकडे कापड आहे पण नाव नाही. बिल एका फाइलीत आणि माल दुसऱ्या गोदामात, तसं. धागा मोजणाऱ्या इंटर्नची नोंद हा या दोन टोकांना जोडायच्या कामातला एक टाका असतो.

आपल्या मुलांनी कुठे जायचं?

यासाठी ऑक्सफर्डलाच जावं लागतं असं नाही. न्यूबेरी संग्रहाची छायाचित्रं आणि नोंदी संग्रहालयाने इंटरनेटवर खुल्या ठेवल्या आहेत, घरी बसून सराव करता येतो. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही या विषयाचं शिक्षण मिळतं. अहमदाबादचं कॅलिको म्युझियम तर कापडासाठीच प्रसिद्ध आहे.

पैशाचंही स्पष्ट बोललं पाहिजे. अशा इंटर्नशिपला अनेक ठिकाणी मानधन तुटपुंजं असतं, कुठे नसतंच. अर्ज करण्याआधी राहण्याचा खर्च कोण करणार, कामाचं प्रमाणपत्र मिळणार का, आणि केलेल्या नोंदीवर आपलं नाव राहणार का, हे तिन्ही लेखी विचारून घ्यावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि आपल्या ट्रंकेचं काय?

रंगारी, भावसार, निराळी ही नावं आपल्याच समाजात आहेत. बेळगावच्या शहापूर-वडगावचे माग, महेश्वर, चंदेरी, पैठण, गोव्याची कुणबी साडी, हे सगळं आपल्याच परिघातलं. तिथल्या जुन्या साड्यांची नोंद करायला परदेशी संग्रहालय येणार नाही.

म्हणून आजीची साडी गाळायला देण्याआधी एवढं करा. एका कागदावर पेन्सिलीने लिहा : साडी कुणाची, कुठे घेतली, अंदाजे कोणत्या साली, घरात तिला काय म्हणत. कागद साडीला टाचू नका, सोबत ठेवा. साडी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा. डांबराच्या गोळ्या कापडाला थेट लागू देऊ नका. वर्षातून एकदा घडी बदला, नाहीतर ती घडीवरच चिरते. आणि आजी आहे तोवर विचारून घ्या. कापडाचं वय पुढे कुणीतरी मोजेल, पण ते कुणाचं होतं, हे सांगणारं दुसरं कुणी नसेल.