खाते घरचे, खाते कामाचे

मित्रांनो, आपल्या वसतिगृहात मोबाइलला परवानगी नाही. त्यामुळे सोशल मीडिया हा आपल्यासाठी फक्त सुट्टीतला विषय. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कराडजवळच्या आमच्या गावी गेलो, तेव्हा या विषयाने माझे आणि घरातल्या सगळ्यांचे डोळे उघडले. तो अनुभव आणि त्यानंतर वाचून-विचारून मिळवलेली माहिती आपल्या मराठी पानासाठी लिहीत आहे. आपल्यापैकी अनेकांचे वडील सैन्यात आहेत किंवा होते. त्यामुळे ही गोष्ट फक्त माझ्या घरची नाही, असे मला वाटते.

माझे बाबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पेन्शनवर आल्यावर त्यांनी गूळ, काकवी आणि हळद विकण्याचा छोटा व्यवसाय सुरू केला. घराच्या पुढच्या खोलीत दुकान आणि बाकी सगळा व्यवहार मोबाइलवर. मोबाइल एक, नंबर एक आणि फेसबुकचे खातेही एकच. त्या एकाच खात्यावर पलटणीतल्या जुन्या मित्रांबरोबरचे फोटो, ताईच्या लग्नाचा अल्बम, माझा शाळेच्या गणवेशातला फोटो आणि त्यांच्या मध्येच गुळाचा आजचा भाव. कोणी गिऱ्हाईक फ्रेंड रिक्वेस्ट पाठवी, की बाबा ती लगेच स्वीकारत. गिऱ्हाइकाला नाही कसे म्हणायचे?

एके दिवशी अशाच एका अनोळखी गिऱ्हाइकाचा मेसेज आला. आधी गुळाचा भाव विचारला. मग पन्नास पेट्यांची ऑर्डर देतो म्हणाला. दोन दिवसांनी विचारले, "तुमचे चिरंजीव वर्दीत छान दिसतात. सध्या कुठे असतात? पुन्हा सुट्टीवर कधी येणार?"

माझा दादा सैन्यात आहे. सुट्टी संपवून परत जाताना स्टेशनवर काढलेला त्याचा फोटो बाबांनी कौतुकाने टाकला होता. खांद्यावरची खूण, गाडीचे नाव, तारीख सगळे त्यात दिसत होते. मेसेज वाचताच बाबांचा चेहरा बदलला. त्यांनी काहीही उत्तर न देता तो माणूस ब्लॉक केला आणि फोटो काढून टाकला. तो खरा गिऱ्हाईक होता की आणखी कोणी, हे आम्हाला आजही माहीत नाही. पण त्या रात्री बाबा नीट जेवले नाहीत.

२०२० साली भारतीय लष्कराने आपल्या जवानांना व अधिकाऱ्यांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप्स १५ जुलैपर्यंत फोनमधून काढून टाकायला सांगितले होते. दादाने तो आदेश तंतोतंत पाळला. त्याच्या फोनमध्ये फेसबुक नव्हते. तरीही दादा फेसबुकवर होताच, बाबांच्या खात्यातून! घर आणि धंदा एकाच खात्यात ठेवण्याचा धोका मला तेव्हा खऱ्या अर्थाने समजला.

ओटी आणि माजघर

मी बाबांना म्हणालो, "बाबा, धंद्याचे खाते वेगळे करूया." त्यांना ते लगेच पटले नाही. "अरे, गावात माणूस आणि दुकान वेगळं असतं का? लोक गुळाकडे बघून येत नाहीत, माझ्याकडे बघून येतात," ते म्हणाले.

त्यांचे म्हणणे चूक नव्हते. छोट्या धंद्यात ओळख आणि विश्वास हेच भांडवल असते. पण आईने एका वाक्यात उत्तर दिले, "गिऱ्हाईक ओटीवर बसतं. आपण त्याला चहा देतो, पण माजघरात नेत नाही."

मला वाटते, सगळा विषय या वाक्यात आला. ओटी सर्वांसाठी उघडी असते, माजघर घरच्यांसाठी असते. आपल्याला शाळेतही हे माहीत आहे. वर्दीत असताना आपण शाळेचे प्रतिनिधी असतो आणि मुफ्तीत असताना थोडे आपले आपण असतो. माणूस तोच, पण त्याच्या बोलण्याचा अर्थ बदलतो. खात्याचेही तसेच आहे. बोलणारा माणूस म्हणून बोलतो आहे की दुकान, संस्था किंवा पद म्हणून, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

मोठ्यांच्याही चुका

ही गल्लत फक्त छोट्या दुकानदारांची होते असे नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसच्या अधिकृत ट्विटर खात्यावर अचानक बिअर पिण्याच्या बेताविषयी मजकूर दिसला. तिथल्या एका कर्मचाऱ्याने तो स्वतःच्या खात्यासाठी लिहिला होता. दोन्ही खाती एकाच साधनातून चालवली जात असल्याने तो चुकून संस्थेच्या खात्यावर गेला. संस्थेने तो काढला, हसतखेळत चूक मान्य केली आणि प्रकरण निभावले. पुढच्याच महिन्यात क्रायस्लर या मोटार कंपनीच्या खात्यावर डेट्रॉइटच्या वाहनचालकांना उद्देशून अपशब्द असलेला मजकूर गेला. तोही खाते सांभाळणाऱ्या एजन्सीतल्या कर्मचाऱ्याचा वैयक्तिक मजकूर होता. त्याची नोकरी गेली आणि कंपनीने त्या एजन्सीशी केलेला करार पुढे चालू ठेवला नाही. चूक एकाच प्रकारची होती, पण एकीकडे ती हसण्यावारी गेली आणि दुसरीकडे पोटावर आली.

याहून गंभीर प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मिशिगन राज्यातील पोर्ट ह्यूरन शहराचे व्यवस्थापक जेम्स फ्रीड यांचे फेसबुक खाते त्यांच्या विद्यार्थिदशेपासूनचे होते. वैयक्तिक प्रोफाइलवर ५,००० मित्रांची मर्यादा असते. ती भरत आल्यावर त्यांनी त्याचे सार्वजनिक पेज केले. २०१४ साली ते शहराचे व्यवस्थापक झाले. मग त्याच पेजवर मुलीचे फोटोही येऊ लागले आणि शहराच्या कामाच्या सूचनाही. करोनाच्या काळात केव्हिन लिंडके या नागरिकाने तिथे टीका केली. फ्रीड यांनी ती पुसून टाकली आणि पुढे त्याला ब्लॉक केले. लिंडके न्यायालयात गेला. प्रश्न असा होता, की फ्रीड यांनी घरातल्या माणसाच्या नात्याने एका पाहुण्याला दार लावले, की सरकारी अधिकाऱ्याने नागरिकाचे तोंड बंद केले?

१५ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने एकमताने निकाल देताना दोन कसोट्या सांगितल्या. त्या व्यक्तीला शासनाच्या वतीने बोलण्याचा खरोखर अधिकार होता का? आणि ते लिहिताना ती व्यक्ती तो अधिकार वापरत होती का? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तरच ती शासनाची कृती ठरते. मात्र वैयक्तिक लेखन स्पष्टपणे वैयक्तिक खात्यात न ठेवणारा अधिकारी स्वतःवर जास्त जोखीम ओढवून घेतो, असेही न्यायालयाने बजावले. कारण संपूर्ण पेजवरून एखाद्याला ब्लॉक केले, की तो घरगुती फोटोंबरोबर सरकारी सूचनांनाही मुकतो.

पदाचे खाते पदाकडे

आपल्या देशात याची चांगली उदाहरणे आहेत. जुलै २०१७ मध्ये प्रणव मुखर्जी यांचा राष्ट्रपतिपदाचा कार्यकाळ संपला, तेव्हा त्यांच्या काळातील ट्वीट 'पीओआय१३' या वेगळ्या खात्यात जतन केली गेली आणि राष्ट्रपती भवनाचे खाते नव्या राष्ट्रपतींकडे गेले. पीओआय१३ म्हणजे भारताचे तेरावे राष्ट्रपती. त्याआधी मे २०१४ मध्ये पंतप्रधान कार्यालयाच्या ट्विटर खात्याचे हस्तांतर होताना मात्र जुने खाते कोणाचे, यावरून वाद झाला होता.

सैन्यात बदली झाली, की अधिकारी चार्ज देतो आणि दुसरा घेतो. कपाटाच्या किल्ल्या, रजिस्टर, सामानाची यादी सगळे सही करून सोपवतो. ते सामान आपले नाही, पदाचे आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. अधिकृत खातेही तसेच मानले, तर भांडण राहत नाही. दुकान असो, क्रीडा मंडळ असो की माजी विद्यार्थ्यांची संघटना, तिचे खाते एखाद्याच्या खासगी नंबरवर उघडले तर तो माणूस जाताना खातेही त्याच्याबरोबर जाते.

आम्ही काय केले

सुट्टीतल्या दोन दुपारी मी आणि बाबांनी मिळून हे काम केले. त्यातल्या पायऱ्या अशा :

१. धंद्यासाठी नवीन सिमकार्ड घेतले आणि वेगळा ईमेल पत्ता काढला. पाया वेगळा असेल तरच वरची खाती वेगळी राहतात.

२. नव्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप सुरू केले. साधे व्हॉट्सअ‍ॅप जुन्या नंबरवर तसेच ठेवले. नंबर दोन असले, की ही दोन्ही अ‍ॅप्स एकाच फोनमध्ये चालतात. बिझनेस अ‍ॅपमध्ये मालाची यादी, दुकानाची वेळ आणि दुकान बंद असताना आपोआप जाणारे उत्तर अशी सोय आहे. आता रात्री अकराला भाव विचारणाऱ्याला अ‍ॅपच उत्तर देते.

३. फेसबुकवर दुकानाचे वेगळे पेज काढले. प्रोफाइल माणसासाठी असते आणि पेज व्यवसायासाठी. पेजला मित्रांची मर्यादा नसते, तिथे फॉलोअर असतात. एकाहून जास्त जणांना ते सांभाळता येते आणि त्यासाठी कोणाला आपला पासवर्ड द्यावा लागत नाही. आम्ही बाबांबरोबर आईलाही पेजची अ‍ॅडमिन केले.

४. इन्स्टाग्रामवर ताईने दुकानासाठी नवे खाते उघडले. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. व्यावसायिक खाते खासगी ठेवता येत नाही, ते सर्वांना दिसते. म्हणून घरातल्या फोटोंच्या जुन्या खात्यालाच 'बिझनेस' करून टाकू नये.

५. दोन्ही खात्यांचे पासवर्ड वेगळे ठेवले आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केले. दोन्ही खात्यांची चित्रेही अगदी वेगळी निवडली. एकावर बाबांचा फोटो आणि दुसऱ्यावर गुळाची ढेप. पोस्ट करण्याआधी चित्राकडे एकदा बघायचे, हा नियम केला.

६. जुन्या प्रोफाइलची झडती घेतली. ओळख नसलेले लोक काढले, त्यातल्या गिऱ्हाइकांना पेजचा पत्ता पाठवला. वर्दीतले, पलटणीच्या खुणा दिसणारे आणि दादाच्या येण्याजाण्याचे सर्व फोटो काढले.

शेवटच्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला. प्रत्येक फोटोमागे एक आठवण होती. बाबा म्हणाले, "फोटो काढून टाकले तरी आठवण कुठं जाते?" मग त्यांनी ते सगळे फोटो पेन ड्राइव्हवर घेतले आणि आईने तो कपाटात ठेवला.

दोन खाती म्हणजे तटबंदी नव्हे

एवढे केल्यावर सगळे सुरक्षित झाले, असे मात्र समजू नये. फोनमधील संपर्कांची यादी अ‍ॅपला वापरू दिली, तर ते त्यातूनच ओळखी सुचवू लागते. गिऱ्हाइकाला बाबांचे घरचे प्रोफाइल सुचवले जाऊ शकते. म्हणून संपर्क जोडण्याची सोय बंद ठेवावी. आणखी एक उदाहरण सांगतो. स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या वापरकर्त्यांच्या धावण्याच्या मार्गांचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते. पण जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आले, की सीरिया, अफगाणिस्तानसारख्या देशांच्या निर्जन भागात लष्करी तळांभोवतीच्या वाटा त्यात उजळून दिसत आहेत. सैनिक फक्त आपल्या आरोग्यासाठी धावत होते. खासगी सवयीतून कामाची जागा उघडी पडली. त्यामुळे खाती वेगळी केल्यावरही कोणत्या खात्यात काय टाकायचे, हा विचार आपल्यालाच करावा लागतो.

धंद्याचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. बाबांना वाटत होते की ओळख तुटेल, पण तसे झाले नाही. दुकानाच्या पेजवर बाबा आजही दिसतात, गुऱ्हाळातल्या काहिलीजवळ उभे असलेले. ती त्यांच्या कामाची ओळख आहे आणि गिऱ्हाइकाला तेवढी पुरते.

मित्रांनो, पुढे आपल्यापैकी कोणी अधिकारी होईल, कोणी डॉक्टर, कोणी उद्योजक. तेव्हा आपल्या नावापुढे पद असेल आणि हातात त्या पदाचे खातेही असेल. सवय मात्र आत्तापासून लावावी लागेल. या सुट्टीत घरी गेलात, की आई-वडिलांबरोबर बसून त्यांचे खाते एकदा अनोळखी माणसाच्या नजरेने पाहा. त्यात तुमच्या घरातले कोण, कुठे आणि कधी असते, हे कळते का ते तपासा. आमच्या घरी दादा यंदा दिवाळीला आला होता. आम्ही भरपूर फोटो काढले. ते सगळे घरातच आहेत.

– एक कॅडेट, इयत्ता अकरावी