गेले पाच, परतले चार

चीनला गेलेले डॉ. कोटणीस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्ही. शांताराम उभे राहतात. ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ आला १९४६ साली. दिग्दर्शक तेच, नायकही तेच. चित्रपट ज्या पुस्तकावर बेतला होता त्याचे लेखक ख्वाजा अहमद अब्बास. पुस्तकाचं नाव ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’, म्हणजे एक जण परतला नाही. तो एक आपण डोक्यावर घेतला, ते योग्यच झालं. पण त्या नावातच बाकीचे परतल्याची कबुली आहे आणि मला हल्ली त्यांच्याविषयीच जास्त कुतूहल वाटतं.

जुलै १९३७मध्ये जपानने चीनवर चढाई केली. आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू-तेह यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांनी आवाहन केलं, ‘चीन दिन’ पाळले गेले, वर्गणी जमली, एक रुग्णवाहिका घेतली गेली आणि पाच डॉक्टर ठरले. प्रमुख अलाहाबादचे मदन अटल. ते स्पेनच्या यादवीत जखमींची सेवा करून आलेले, त्यामुळे युद्ध जवळून पाहिलेला माणूस. दुसरे नागपूरचे चोळकर, वयाने सगळ्यांत वडील. तिसरे सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, मुंबईच्या जी. एस. मेडिकलचे, वय २७. उरलेले दोघे कोलकत्याचे: देवेश मुखर्जी आणि विजयकुमार बसू. बसूंचा नंबर ऐनवेळी लागला, कारण आधी ठरलेल्या डॉक्टरांना सरकारने पासपोर्ट दिला नाही. सेवेला जायचं तरी परवानगी इंग्रजांचीच लागायची!

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने मंडळी मुंबईहून निघाली. कँटनच्या धक्क्यावर स्वागताला खुद्द सुंग चिंग-लिंग, म्हणजे सन-यत-सेन यांच्या पत्नी आल्या होत्या. तिथून पुढे हांकौ. पण युद्ध यांच्या पाठोपाठ येत होतं. ऑक्टोबरच्या २१ तारखेला कँटन पडलं, २५ला हांकौ. ज्या गावात हारतुरे घेतले ते महिन्याभरात जपान्यांच्या ताब्यात. मंडळी यांगत्से नदीने वर सरकत सरकत चुंगकिंगला पोहोचली आणि तिथे अडकली.

मदतीला म्हणून जायचं आणि यजमानांनी ‘बसा, चहा घ्या’ म्हणत दिवस काढायला लावायचे, हा अनुभव बाहेरगावी सेवेला गेलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. चुंगकिंगला तर त्यामागे राजकारणही होतं. मदत मागितली होती कम्युनिस्टांच्या फौजेने, यजमान होतं चँग-कै-शेकचं सरकार. वरवर दोघांची युती, आतून एकमेकांवर नजर. पाहुणे कम्युनिस्टांच्या तळावर, येनानला गेलेले सरकारला नको होते.

त्या मुक्कामातली एक गोष्ट मला फार आवडते. शांतिनिकेतनातल्या चीन भवनाचे प्राध्यापक तान युन-शान तेव्हा चुंगकिंगला होते. त्यांनी पाचही जणांना चिनी नावं दिली. प्रत्येकाच्या आडनावाला चिनी उच्चाराचा साज चढवला आणि शेवटी ‘ह्वा’ जोडलं. ह्वा म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘को ती-ह्वा’, बसू झाले ‘पा सू-ह्वा’ आणि आपले चोळकर ‘च्वो को-ह्वा’. बारशाला सगळे सारखे होते. पुढे आपल्याला एकच नाव पाठ झालं.

याच मुक्कामात कोटणीसांना वडील गेल्याची तार आली. घरी परतावं असं सहकाऱ्यांनी सुचवलं. ते गेले नाहीत. चित्रपटात असा प्रसंग पार्श्वसंगीतासकट येतो. प्रत्यक्षात परक्या गावातली थंडी, हातात तार आणि पुढचा हुकूम कधी येईल याची वाट.

२२ जानेवारी १९३९ला निघून फेब्रुवारीत सगळे येनानला पोहोचले. इस्पितळ होतं पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांत आणि जेवायला बाजरीसारखं भरड धान्य. सोलापूर-नागपूरच्या माणसाला भरड धान्याचं वावडं नसावं, पण सोबत ठेचा कुठून आणणार?

आणि इथून गट सुटत गेला. चोळकर आणि मुखर्जी १९३९ सालीच परतले. मुखर्जींना मूत्रपिंडाच्या दुखण्याने बेजार केलं होतं. अटल, बसू आणि कोटणीस आघाडीकडे निघाले आणि डिसेंबरात, ज्यांच्या पत्रामुळे हा सगळा प्रवास घडला, त्या चू-तेहांना भेटले. पुढल्या वर्षी अटलही त्वचेच्या विकारामुळे मायदेशी आले. या परतण्याकडे ‘टिकले नाहीत’ अशा नजरेने पाहायची आपल्याला खोड आहे. मला ते पटत नाही. सतत कण्हणारा डॉक्टर आघाडीवर एक खाट अडवतो. वेळेवर निघून येणं हीसुद्धा जखमींची सेवाच.

कोटणीसांचं पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३९मध्ये शस्त्रक्रियेत बोट कापून रक्तात विष भिनल्याने गेले. त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे कोटणीस जानेवारी १९४१मध्ये प्रमुख झाले. चिनी इतकं आलं की त्या भाषेत शल्यचिकित्सा शिकवत आणि पाठ्यपुस्तक लिहीत. को चिंग-लान या परिचारिकेशी लग्न झालं, ऑगस्ट १९४२मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिन-ह्वा: यिन म्हणजे भारत, ह्वा तोच. साडेतीन महिन्यांनी, ९ डिसेंबरला, अपस्माराच्या झटक्यांत कोटणीस गेले. वय ३२. पाठ्यपुस्तक अर्धं राहिलं.

बसू मात्र १९४३पर्यंत चीनमध्येच होते. पाचांत सर्वांत जास्त काळ तिथे राहिले ते बसू, आणि त्यांच्यावर कुणी चित्रपट काढला नाही. काढणार तरी कसा? ते सुखरूप घरी आले. त्यांनी रोजनिशी ठेवली होती, तिचं पुस्तक निघालं ते थेट १९८६ साली. आज या पथकाची दिवसवार नोंद हवी असली की तिच्याकडेच जावं लागतं.

१९५८ साली बसू पुन्हा चीनला गेले आणि सुया टोचून उपचार करायची विद्या शिकून आले. कोलकत्यात त्यांनी ॲक्युपंक्चर सुरू केलं. भारतात ते रुजवण्याचं श्रेय त्यांनाच देतात. पुढे कोलकत्याला, लुधियानाला या उपचाराची केंद्रं निघाली, ती कोटणीसांच्या नावाने. कोटणीस सर्जन, सुईशी त्यांचा संबंध टाके घालण्यापुरता. दारावरच्या पाटीवर मित्राचं नाव आणि आत खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यात हलकेच शिरणारी सुई, जी बसूंनी आणलेली.