भिंतीनं न धरलेली अक्षरं

रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर ‘आमचे ध्येय’ झळकत असतं आणि एके सकाळी ‘ध्येय’ची मात्रा खालच्या सोफ्यावर सापडते. पहिला फोन जातो तो रेडियमवाल्याला. पुण्या-मुंबईत व्हिनाइलची अक्षरं कापून देणाऱ्याला आजही याच नावानं हाक मारतात. ‘माल हलका लावलास’ हा आरोप ठरलेला आणि ‘तुमच्या भिंतीतच ओल आहे’ हे उत्तरही ठरलेलं. गेल्या चाळीसेक वर्षांत भिंतीवरच्या अक्षरांचं आणि त्या अक्षरांखालच्या भिंतीचं काय काय होत गेलं हे पाहिलं, तर हा आरोप बहुतेक वेळा चुकीच्या दारी जातो असं माझं मत झालंय. अक्षरं मोठ्या अर्थानं एकदाच बदलली. भिंत मात्र पुन्हापुन्हा बदलली आणि शेवटच्या बदलात तर ती अक्षरांच्या विरोधातच गेली.

ऐंशीच्या दशकातली आपल्याकडची आतली भिंत म्हणजे चुना, नाहीतर डिस्टेंपर. शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या इथे कमरेच्या वरपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा असायचा. हातांचे डाग पुसता यावेत एवढाच त्याचा हेतू. त्या पट्ट्यावर किंवा त्याच्या वर पेंटर सुविचार लिहायचा. आधी खडू लावलेली दोरी ताणून ओळी मारायच्या, मग चपट्या ब्रशनं इनॅमलची अक्षरं. इनॅमल आणि ऑइल पेंट एकाच जातीचे, त्यामुळे अक्षर सुकलं की भिंतीच्या रंगाचाच एक थर होऊन बसायचं. पडण्याचा प्रश्नच नव्हता. पडलंच तर पोपड्यासकट, आणि तेव्हा कुणी पेंटरला फोन करत नसे. ओल कुठून येते ते शोधायचे.

चुन्याच्या भिंतीवर स्टिकर लावायला तेव्हा कुणी गेलं नाही हे बरंच झालं. हात टेकवला की तो पांढरा करणाऱ्या भिंतीवर गोंद लागतो तो भुकटीला, आणि भुकटीनं भिंत कधीच सोडलेली असते. गोंद फक्त सर्वांत वरच्या थराला धरतो. खालचे थर एकमेकांना किती धरून आहेत याची त्याला खबर नसते. पुढच्या सगळ्या तक्रारींचं मूळ इथे आहे.

अक्षरांची बाजू तिकडे अमेरिकेत घडत होती. वॉल्डो सेमन यांनी १९२६ साली ठिसूळ पीव्हीसी मऊ आणि लवचीक करून दाखवलं. स्टँटन एव्हरी यांनी १९३५ मध्ये पाठीवरचा कागद सोलून चिकटवायची लेबलं बाजारात आणली. या दोन गोष्टी एकत्र येऊन रंगीत व्हिनाइलचे रोल तयार झाले, पण अक्षर हातानंच कापावं लागे. गर्बर कंपनीनं १९८३ मध्ये ‘साइनमेकर ३’ हे संगणकावर चालणारं अक्षर कापायचं यंत्र आणलं आणि तिकडच्या साइन पेंटरांच्या धंद्याला ओहोटी लागली.

आपल्याकडे हे यंत्र रुळायला नव्वदचं दशक लागलं, आणि त्याचं कारण फक्त किंमत नव्हती. देवनागरी हवी होती. पुण्यात सी-डॅकचे फाँट आले, मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आली, कोरलड्रॉ गल्लीबोळातल्या डीटीपीवाल्यांपर्यंत पोचलं, तेव्हा कुठे कटिंग प्लॉटर मराठी कापू लागला. तरी सुरुवातीची मराठी बघण्यासारखी असे. फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. कागदावर ते दिसत नाही. प्लॉटरचं पातं मात्र प्रत्येक बाह्यरेषा इमानानं कापत जातं, त्यामुळे शब्द सोलायला घ्यावा तर शिरोरेषेचे तुकडेच हाती. कोरलमध्ये सगळी अक्षरं ‘वेल्ड’ करून एक सलग आकार करायचा ही युक्ती ज्याला आधी सापडली, त्याच्याकडे शहरातल्या मराठी पाट्यांची कामं गेली.

वेल्ड केलेल्या शब्दाचा एक फायदा रोमन लिपीला कधीच मिळाला नाही. अख्खा शब्द शिरोरेषेला धरून एकाच तुकड्यात भिंतीवर जातो, त्यामुळे अक्षरं वेडीवाकडी लागत नाहीत. तोटाही त्याच शिरोरेषेत आहे. ती लांब आणि अरुंद पट्टी. स्वस्त व्हिनाइल रुळांमधून दाबून, ताणून बनवलेलं असतं आणि काळ जाईल तसं ते मूळ मापाकडे आकसायला बघतं. मीटरभर शिरोरेषा अर्धा टक्का जरी आकसली तरी पाच मिलिमीटर झाले. मग टोकं उचलली जातात. पातळ ओतून बनवलेली कास्ट फिल्म, साधारण ५० मायक्रॉनची, फार आकसत नाही, पण तिचा भाव ऐकून गिऱ्हाईक चहा न घेता उठतं. शिरोरेषेनंतर नंबर अनुस्वारांचा. सुटा ठिपका, चिकटायला जागा नखाएवढी, त्याला शेजाऱ्याचा आधार नाही. मराठी भिंतीवरून आधी गळतात ते अनुस्वारच.

तरीही नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध आणि त्यानंतरची काही वर्षं या धंद्याला मानवली. घराघरांत ‘प्लास्टिक पेंट’ म्हणून ॲक्रिलिक इमल्शन शिरलं होतं, ऑफिसांत लस्टर चाललं होतं. किंचित चकाकी असलेली, गुळगुळीत, घट्ट भिंत. तिच्यावर काहीही चिकटायचं. तक्रार असली तर उलटी, की नाव बदलायचं म्हणून अक्षरं काढायला गेलो आणि रंग उचकटून आला.

मग रंग कंपन्यांनी भिंतीला काहीच चिकटू नये असा ध्यास घेतला. हे मी गमतीनं म्हणत नाही. डाग न धरणारी, चहा उडाला तरी पुसून निघणारी भिंत हीच तर जाहिरात होती. काही रंगांनी टेफ्लॉनचं नावही मिरवलं. गोंद चिकटण्यासाठी आधी पृष्ठभागावर पसरावा लागतो, आणि तो पसरेल की नाही हे पृष्ठभागाच्या ऊर्जेवर ठरतं. पाण्याचा आकडा ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर, पीव्हीसीचा ४०च्या आसपास, टेफ्लॉनचा जेमतेम १८ ते २०. रंग काही निव्वळ टेफ्लॉनचा नसतो, पण त्यातली मेणं, सिलिकॉन आणि तत्सम द्रव्यं वर येऊन बसतात आणि आकडा खाली ओढतात. ज्या गुणामुळे चहाचा डाग बसत नाही, त्याच गुणामुळे अक्षरही बसत नाही.

दुसरा बदल चांगल्या हेतूनं आला. हैदराबादच्या सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ मध्ये लीड प्लॅटिनम मानांकन मिळालं आणि हरित इमारतींचं वारं आपल्या आयटी पार्कांपर्यंत पोचलं. रंगाचा वास नको, उडून जाणारी रसायनं कमी हवीत. ती कमी केली की रंगाचा थर जुळून यायला दुसरी द्रव्यं घालावी लागतात. त्यातली काही, आणि साबणाच्या जातीची सर्फॅक्टंट्स, रंग सुकत असताना हळूहळू पृष्ठभागावर येतात. बोटाला काही जाणवत नाही, गोंदाला जाणवतं. वर फॅशन मॅटची. मॅट रंगात पिगमेंट आणि भराव जास्त, पृष्ठभाग खडबडीत, त्यामुळे फिल्म फक्त उंचवट्यांवर टेकते. नेमक्या याच काळात प्रत्येक कंपनीला आपली मूल्यं भिंतीवर हवी झाली.

इमल्शन तासाभरात हाताला सुकलेलं लागतं, पण आतून पक्कं व्हायला तीन-चार आठवडे घेतं. पावसाळ्यात अजून जास्त. व्हिनाइल बनवणारे महिनाभर थांबा म्हणतात. आपल्याकडे पेंटर संध्याकाळी दुसरा हात मारून शिडी उचलतो, सकाळी रेडियमवाला येतो आणि दुपारी पूजा असते. मुहूर्त आधी ठरलेला, अक्षरं यादीत शेवटची. गोंदाच्या दर्जावर कितीही चर्चा करा, निम्मी अक्षरं या वेळापत्रकामुळे पडतात.

उरलेल्यांपैकी पुष्कळांचा दोष पुट्टीकडे जातो. पूर्वी लांबी भरायचे, आता पांढऱ्या सिमेंटची पुट्टी. पॉलिश पेपर मारल्यावरची भुकटी झाडली नाही, पैसे वाचवायला प्रायमर गाळला, की रंग त्या भुकटीवर तरंगत राहतो. म्हणून पडलेलं अक्षर फेकण्याआधी त्याची पाठ पाहावी. पाठ कोरी असेल तर रंगानं गोंद नाकारलाय. पांढरी भुकटी असेल तर दोष पुट्टीचा. रंगाचा अख्खा पापुद्रा आला असेल तर गोंदानं आपलं काम चोख केलंय, फोन पेंटरला करावा.

व्हिनाइलवाल्यांनीही हात टेकले नाहीत. ओराकल ६३१ सारखी मॅट, काढता येणारी फिल्म भिंतीसाठी रूढ झाली. ६५१ ही चकाकणारी, कायमच्या गोंदाची. आपल्याकडे दुकानात जो रोल उघडा असेल तोच भिंतीला लागतो ही गोष्ट वेगळी. नव्या रंगांपुढे ६३१ चा गोंदही अपुरा पडू लागला, तेव्हा थ्री-एम आणि एव्हरीसारख्या कंपन्यांनी जादा पकडीच्या फिल्म काढल्या. पकड वाढली, आणि काढताना रंग उचकटण्याची जुनी तक्रार परत आली. भिंतीवर लावण्याची पद्धतही लोकांना काच शिकवून गेली आणि ती चुकीची होती. साबणाचं पाणी मारून सरकवत लावणं काचेला ठीक. रंगवलेली भिंत ते पाणी पिते आणि गोंदाखाली ओल राहते. भिंतीवर कोरडंच लावायचं, मधून कडेकडे दाबत न्यायचं, आणि अक्षरं उचलून आणणारी वरची टेप समोर न ओढता भिंतीलगत दुमडून हळू सोलायची. गोंदाची पकड पुढचे दोन-तीन दिवस वाढत जाते, म्हणून लगेच ओढून पाहू नये. हे गिऱ्हाइकाला सांगून उपयोग नसतो, ते ओढून पाहतंच.

जिल्हा परिषदेच्या शाळांनी हा सगळा फेरा टाळला. बोलक्या भिंती तिथे अजून बऱ्याच ठिकाणी रंगानंच बोलतात, आणि ते शहाणपणाचं आहे, कारण दुसरीतल्या मुलाला व्हिनाइलचा उचललेला कोपरा दिसला तर तो तास संपेपर्यंत टिकणार नाही.

अलीकडे शहरातल्या ऑफिसांतही प्लॉटरचा एक उलटा वापर चालतो. व्हिनाइलमधून अक्षरं काढून टाकायची आणि उरलेली चौकट स्टेन्सिल म्हणून भिंतीला लावायची. कडांवरून आधी भिंतीचाच रंग फिरवायचा, म्हणजे फटी त्यानंच बुजतात आणि अक्षराचा रंग खाली पाझरत नाही. मग अक्षराचा रंग भरायचा आणि तो पूर्ण वाळायच्या आत स्टेन्सिल ओढायचं. इथे कमी चिकटणारी फिल्म सोयीची. कापताना वेल्डची गरज तेवढीच राहते, शिवाय ‘क’, ‘ब’ यांच्या पोटातले तुकडे वेगळे जपून लावावे लागतात. दर नुसत्या स्टिकरपेक्षा जास्त पडतो आणि एक पेंटर लागतो, ज्याचा हात स्थिर आहे.